एकास पस्तीस

शनिवारी सकाळी अर्धं नागपूर तर्री-पोह्याच्या गाडीवर असतं आणि उरलेलं अर्धं अंबाझरीला चकरा मारत असतं. मी बाल्कनीत स्टुलावर बसून नवा कोरा रणगाडा मळवत असतो.

बायकोचं यावर एक ठरलेलं वाक्य आहे. "आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधली घाण काढतोस आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने घाण लावत बसतोस." खरंच आहे. पण घाण लावणं हे घाण काढण्यापेक्षा अवघड काम आहे, हे तिला कसं सांगणार? प्लास्टिकचा रणगाडा जोडायला मला दोन वीकेंड पुरतात. त्याला रंगवून, मग तो रंग उन्हापावसात विटलेला, बुटांनी झिजलेला, धुळीने माखलेला दाखवायला दोन महिने लागतात. या दुसऱ्या भागाला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. आपल्याकडे शब्द नाही. मी 'मळवणं' म्हणतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे रणगाडे १:३५ या मापाचे असतात. हाच आकडा का, ३० किंवा ४० का नाही, याचं उत्तर ऐकून आमच्या व्यवसायातल्या लोकांना घरच्यासारखं वाटेल. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशोबाने त्याचा आकार ठरला. नंतर इतर रणगाडे त्याच मापात काढायचे ठरलं तेव्हा मोजून पाहिलं, तर ते साधारण पस्तिसावा हिस्सा भरलं. झालं! आज जगभरातल्या कंपन्या तेच माप पाळतात. सेल कधीच गेले, पण आकडा राहिला. लेगसी सिस्टीम म्हणतात ती हीच.

मळवण्यालाही फॅशन असते. १९८०च्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनच्या पद्धतीचा जोर होता. म्हणजे सगळीकडे पातळ काळपट वॉश सोडायचा आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. पुढे स्पेनची मंडळी आली. मिग हिमेनेझ वगैरे लोकांनी पिगमेंटची पूड, तैलरंगांचे ठिपके, हेअरस्प्रे असलं सगळं रूढ केलं. हेअरस्प्रेची युक्ती मला फार आवडते. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे मारायचा, मग वरून हिरवा अॅक्रिलिक. तो वाळला की ओल्या ब्रशने हळूच घासायचं. खालचा स्प्रे पाण्याने विरघळतो आणि वरच्या रंगाचे टवके उडतात. अगदी खरे. (हेअरस्प्रे कुणाचा वापरला, हा प्रश्न घरात दोनदा निघालेला आहे.)

बाहेरचे नामांकित रंग महाग पडतात, शिवाय त्यातले थिनर ज्वालाग्राही म्हणून कुरिअरने नीट येत नाहीत. मग जुगाड. वॉशसाठी कॅमलचे तैलरंग. बर्न्ट अंबरची एक ट्यूब मला चार वर्षं पुरली आहे. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाई करायला सुरुवात केली तेव्हा आपला माल पुढे रणगाड्यांच्या नटबोल्टभोवती जाणार आहे, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. पिगमेंटऐवजी खडूचे पेस्टल पॉलिश पेपरवर घासून केलेली पूड. टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. झिजून चकाकणाऱ्या लोखंडासाठी ६बी पेन्सिल, कारण ग्राफाइट नुसतं बोटाने चोळलं तरी पोलाद दिसतं. एरिअलसाठी फ्रेमची काडी मेणबत्तीवर धरून ताणायची, केसाएवढी तार निघते.

आणि नागपूरचा हंगाम. एप्रिल-मेमध्ये एअरब्रश हातात धरायची सोयच नाही. पाण्याचा रंग नोझलच्या टोकावरच वाळून बसतो, कागदावर पोचतच नाही. कूलरसमोर बसावं तर धूळ आणि ओल. पावसाळ्यात लॅकर मारला तर हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय येते. म्हणजे खरा सीझन दिवाळी ते शिवरात्र. संत्र्यांचा आणि आमचा, थोड्याफार फरकाने सारखाच.

असो. खरी गोष्ट मोठ्या मामांची आहे.

मोठे मामा म्हणजे आईचे सगळ्यात थोरले भाऊ. वय आता शहात्तर. ते फौजेत होते, ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहनं, रणगाडे, तोफा दुरुस्त करणाऱ्या शाखेत. तिथून हवालदार म्हणून निवृत्त होऊन अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले आणि साठीपर्यंत तोफगोळ्यांच्या कवचांच्या विभागात राहिले. (ती फॅक्टरी २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीत गेली, मामा अजून 'फॅक्टरी'च म्हणतात.) माझं लहानपण त्यांच्या डिफेन्सच्या क्वार्टरमध्ये उन्हाळे घालवण्यात गेलं. दर तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी तेच रंगवून द्यायचे. फॅक्टरीतल्यासारखं काम: आधी घासणं, मग प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात, शिंगांना सोनेरी टोक. आमच्या गल्लीत माझ्या नंदीला सगळ्यात जास्त बोजारा मिळायचा. माझं पहिलं स्केल मॉडेल तेच, फक्त त्याला मळवायचं नसे.

मामा १९७१च्या लढाईत होते, हे घरात सगळ्यांना माहीत. कुठे होते, काय केलं, हे कुणालाच माहीत नाही. विचारलं की "थंडी लय होती" एवढंच.

दोन वर्षांपूर्वी मी सेंच्युरियन घेतला. एएफव्ही क्लबचा, मार्क ५. खरा रणगाडा सुमारे ५१ टनांचा आणि तोफ सोडून साडेसात मीटर लांब. माझा बावीस सेंटीमीटरचा. मला त्यातून एक ठराविक रणगाडा करायचा होता: 'फामागुस्ता', जेएक्स २०२. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. जन्म पुण्याचा, १९५०चा. १७ पूना हॉर्स. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि १६ डिसेंबरला, शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत, पॅटन रणगाड्यांशी लढताना ते गेले. वय एकवीस. रणगाडा पेटल्यावर मागे या म्हटलं तरी तोफ चालते आहे म्हणून ते थांबले. परमवीर चक्र. त्यांचा तो रणगाडा नंतर परत मिळवून दुरुस्त केला गेला आणि नगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. मी एकवीस वर्षांचा असताना कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत होतो. त्या वयाच्या आकड्याने मला धरलं होतं, हे कबूल करतो.

तर मी झपाटून काम केलं. टवके, गंज, चिखल आणि टरेटवर गोळा घुसल्याचं भोक. बारीक ड्रिलने पाडून, कडा तापलेल्या सुईने वितळवून, भोवती काळ्या धुराचा ओघळ. ऑफिसमधल्या मित्राला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "कडक!" मग मामा घरी आले तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा पुसला. मोबाईलचा टॉर्च लावला. आणि मंडळी, मी पंधरा वर्षांत असा कोड रिव्ह्यू पाहिलेला नाही.

"ही माती कुठली होय?"

"मामा, चिखल दाखवलाय."

"चिखल दिसून राहिला बे. पण काळा कायले? हा का वर्ध्याचा कापूस होय? तिकडं राखट-भुरी माती असते. नदीत रेती. बोटानं चोळली तर पिठासारखी."

बरोबर होतं. मी न बघता आपली काळी माती लावून मोकळा झालो होतो. दख्खनच्या बेसाल्टची माती रावीच्या गाळावर.

"गंज इतका? रणगाडा होय का भंगार? बिडाचा, पोलादाचा जाड माल तो, कालपर्यंत चालत होता. गंज येतो सायलेन्सरवर. तापतो न तो. मागं दोन्हीकडं डबे आहेत न, तिथं लाव."

मग अंगठा टरेटवर ठेवून म्हणाले, "हा पोपडा किती मोठा आहे? खऱ्यात?" मी मनात गुणाकार केला. एक मिलिमीटरचा टवका, गुणिले पस्तीस. साडेतीन सेंटीमीटर. माझ्या रणगाड्यावर असे शंभर तरी होते, म्हणजे कुणीतरी हातोडा घेऊन आठवडाभर त्याच्या मागे लागलं होतं. स्केलची शिकवणी मी लोकांना देत असतो आणि इथे मामांनी अंगठ्याने मोजलं.

पुढे ते रंगातच आले. सेंच्युरियनमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून समोरच्या उतारावर उजव्या बाजूचा रंग बुटांनी जास्त झिजतो, डावीकडचा नाही. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवती डाग असतो, पण तो काळा नसतो. इंजिन पेट्रोलवर चालणारं, रोल्स-रॉइसचं मीटिऑर, म्हणजे विमानातल्या मर्लिनचं भावंड. सांडलेलं पेट्रोल उडून जातं आणि तिथली धूळ तेवढी धुतल्यासारखी होते. चाकांच्या मध्यभागी ग्रीस बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून जाड वर्तुळ होतं. डिसेंबरात रात्री दव पडतं आणि सकाळी त्या दवाचे ओघळ धुळीतून खाली येतात. हे सगळं मी वहीत लिहून घेत होतो. जगातल्या कुठल्याही पुस्तकात मला हे एका जागी मिळालं नसतं.

मग त्यांचा टॉर्च टरेटवरच्या भोकावर आला.

तो तिथे बराच वेळ राहिला. त्यांनी भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा. धुराच्या ओघळावरून नाही, फक्त कडेवरून. मग रणगाडा खाली ठेवला, टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "चहा टाक."

चहा झाला. क्रिकेटवर बोललो. पुढचे तीन शनिवार मामा आले नाहीत. आईला फोनवर म्हणाले, गुडघा दुखतो.

मला कळत होतं की काहीतरी चुकलं आहे, पण नेमकं काय ते विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, मामा, नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, जायचं का? एवढ्या लांब येतील असं वाटलं नव्हतं. पण "चाल" म्हणाले.

डिसेंबरात निघालो. समृद्धीवरून शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर, पुढे नगर. (आता जिल्हा अहिल्यानगर, पण मामांसाठी आणि माझ्यासाठी अजून नगरच.) समृद्धी हा बोलण्यासाठी उत्तम रस्ता आहे, कारण बघायला काहीच नाही. वर्धा गेलं, अमरावतीचा भाग गेला. वाशिमच्या आसपास मामा खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, मी न विचारता.

ते रिकव्हरीत होते. लढाईत आणि युद्धबंदीनंतरही, बंद पडलेले, सुरुंगावर गेलेले, गोळा लागलेले रणगाडे ओढून मागे आणायचे. आपलेही आणि त्यांचेही. "ओढून आणणं सोपं. नंतर आत पाणी मारावं लागते." एवढं म्हणून ते थांबले. पुढचा टोल येईपर्यंत गप्प होते.

मग म्हणाले, "वर्कशॉपमध्ये भोक वेल्डिंगनं भरायचं. ग्राइंडर मारायचा. पुटिंग, प्रायमर, वरून हिरव्याचे दोन हात. आमचा उस्ताद हात फिरवून पाहायचा. हाताला लागलं तर पुन्हा घासायला लावायचा. कारण तो रणगाडा दुसऱ्या पोरांना द्यायचा असते न. त्यांच्या हाताला ते भोक लागलं नाही पाहिजे."

मी गाडी ऐंशीवर आणली होती, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"तू ते इतकं चांगलं बनवलं बे," मामा म्हणाले. "कडा अशीच आत वळते. तुले कसं ठाऊक?"

मी इंटरनेटवर फोटो पाहिले होते. ते सांगावंसं वाटलं नाही.

नगरचं म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं. उघड्यावर ओळीने रणगाडे मांडले आहेत: शर्मन, आपला विजयंता, पकडलेला पॅटन. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर केलेली चिलखती गाडीही आहे. मी कॅमेरा घेऊन वेड्यासारखा फिरत होतो. उघड्यावरचे हे रणगाडे अर्थातच रंगवून ठेवलेले असतात, त्यामुळे मळाचा अभ्यास वगैरे काही झाला नाही. मामा मात्र थेट सेंच्युरियनपाशी गेले आणि चाकाच्या रबरावर हात ठेवून उभे राहिले. एका कुटुंबातला सहा-सात वर्षांचा मुलगा शेजारी येऊन विचारता झाला, "आजोबा, हा खरा आहे?" मामा म्हणाले, "खरा आहे. पण पेट्रोलचा वास येत नाही." मुलाने नाक लावून पाहिलं. मीही पाहिलं.

परत आल्यावर मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन रणगाडा पार उतरवला. दोन महिन्यांचं काम एका संध्याकाळी नाल्यात. भोक पुटीने भरलं, वाळल्यावर आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरने घासलं, प्रायमर मारला. मामांना हात फिरवायला दिलं. त्यांनी दोनदा परत घासायला लावलं. मग हिरवा.

आता ते भोक कुठे होतं ते मलाही सापडत नाही.

'फामागुस्ता' हे नाव आणि जेएक्स २०२ हा नंबर मी घालणार नाही, असं मामांना सांगितलं. ते म्हणाले, "नको. परत आलेला बनव." म्हणजे कुठला? तर नाव नसलेला, कुठल्याही क्रूचा, लढाई संपल्यावरचा. पश्चिम आघाडीवर १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता युद्धबंदी झाली. मामांना आठवते ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. धुकं उठल्यावर एका सेंच्युरियनच्या क्रूने पंधरा दिवसांत पहिल्यांदा कपडे धुतले आणि तोफेच्या नळीवर वाळत घातले. "लाईन लागली होती. बनियान, मोजे, टॉवेल. त्यायच्या साहेबानं पाहिलं, पण बोलला नाही."

मग तेच केलं. माती यावेळी खरीखुरी राखट-भुरी. पेस्टलच्या तीन छटा मिसळून मामांना दाखवल्या, त्यांनी चिमटीत घेऊन चोळून दुसरी निवडली. उजव्या बाजूला बुटांची झीज. सायलेन्सरवर गंज, तेवढाच. चाकांच्या मध्यावर ग्रीसची वर्तुळं. कडांवर ग्राफाइट मामांनी स्वतः चोळलं. त्यांचा उजवा हात हल्ली थोडा थरथरतो, पण पेन्सिलची पूड बोटाने लावायला थरथर आडवी येत नाही, उलट बरीच.

शेवटी कपडे. टिश्यू पेपरचा एक पदर सोडवून, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, चिमट्याने नळीवर टाकायचा. वाळला की कडक होतो, घड्या तशाच राहतात. बनियान जेमतेम दोन सेंटीमीटरची. बाह्यांची भोकं कापताना तीन फाटल्या, चौथी जमली. गेल्या शनिवारी ती पांढरी रंगवून मामांसमोर ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला. टॉर्च लावला.

"इतकी पांढरी नसते बे बनियान," ते म्हणाले. "पंधरा दिवस अंगावर होती न. धुतली म्हणून काय झालं."

आता बर्न्ट अंबरचा एक अगदी पातळ हात द्यायचा आहे. काखेत थोडा जास्त.